लाल भुकटी, करडी भुकटी

भिंतीवर टीव्ही बसवण्याच्या कामाचा आस्वाद घ्यायचा असेल तर ते काम चालू असतानाच तिथे उभं राहावं लागतं. कविता लिहून झाल्यावर कागदावर राहते, देऊळ बांधून झाल्यावर समोर उभं असतं. या कामात मात्र कारागिराने जे जे उत्तम केलं असेल ते सगळं शेवटच्या दोन मिनिटांत टीव्हीच्या पाठीमागे जातं आणि पुढे वर्षानुवर्षं कुणाच्या नजरेला पडत नाही. समोर उरतो पडदा, आणि त्या पडद्यावर दुसऱ्याच कुणाची तरी कला. म्हणूनच बहुधा या कामाबद्दल कुणी आपुलकीने लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. 'टीव्ही लावायला माणूस आला होता' एवढ्या एका वाक्यात आपण त्याला निरोप देतो. मला हे काम मनापासून आवडतं. त्यातलं सौंदर्य कुठे आहे ते एका कामाच्या आधाराने नीट सांगावं, असं बरेच दिवस मनात होतं.

ते काम कोथरूडला माझ्या मावशीच्या घरी झालं. इमारत १९८०च्या दशकातली, म्हणजे आरसीसीचे खांब आणि तुळया, आणि मधल्या जागेत विटांचं बांधकाम. बाहेरच्या भिंती नऊ इंची, खोल्या वेगळ्या करणाऱ्या आतल्या भिंती साडेचार इंची. टीव्ही ५५ इंची. हे माप पडद्याच्या एका कोपऱ्यापासून तिरक्या कोपऱ्यापर्यंतचं. भिंतीच्या दृष्टीने महत्त्वाची असते ती रुंदी आणि उंची, आणि ती भरते साधारण १२२ सेंटिमीटर आणि ७० सेंटिमीटर. वजन पंधरा किलोच्या आसपास. कंपनीचा माणूस बसवून द्यायला आलाच असता, पण मावशीला टीव्ही जुन्या जागी नको होता. समोरच्या भिंतीवर हवा होता आणि तिथे विजेचा पॉइंट नव्हता. तेव्हा कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानदाराने आपल्या माहितीतला कारागीर पाठवून दिला. चाळिशीचा, कमी बोलणारा. उमेदवारी एका वायरमनच्या हाताखाली केलेला आणि त्याआधी काही काळ गवंड्याकडे बिगारी म्हणून राबलेला. हे दुसरं मला नंतर कळलं, पण त्याचं काम बघताना त्याची चाहूल आधीच लागली होती.

आल्यावर त्याने पिशवी दाराशी ठेवली ती बराच वेळ उघडलीच नाही. इथूनच मला त्याचं काम आवडू लागलं. पहिला प्रश्न त्याने विचारला तो माणसांबद्दल.

"काकू, तुम्ही रोज बसता कुठे?"

मावशीने दिवाण दाखवला.

"आणि काका?"

काका आरामखुर्चीत बसतात. तो आधी दिवाणावर बसला, मग परवानगी विचारून आरामखुर्चीत टेकला, आणि दोन्हीकडून कोऱ्या भिंतीकडे बघत राहिला. उठून खिडकीचा पडदा बाजूला केला, परत येऊन बसला. खिडकीचा उजेड टीव्हीच्या पडद्यावर कसा येईल ते त्याला बघायचं होतं. मग पुढचे प्रश्न आले, आणि ते सगळे भिंतीचे होते. या भिंतीच्या पलीकडे काय आहे? बेडरूम. बेडरूमचं बाथरूम या बाजूला येतं का? नाही. पावसाळ्यात इथे ओल येते का? नाही. पूर्वी इथे काही लावलेलं होतं का? मावशीला आठवलं, की एक मोठं घड्याळ होतं, त्याचं भोक रंगाखाली बुजवलेलं आहे.

या प्रत्येक प्रश्नामागे एकेक अनुभव उभा आहे. पलीकडे बाथरूम असेल तर भिंतीतून पाण्याचा पाइप गेलेला असू शकतो, आणि ड्रिलचं टोक त्याला लागलं तर त्या दिवशीचं काम टीव्हीचं न राहता नळदुरुस्तीचं होतं. ओल येणाऱ्या भिंतीत स्क्रू गंजतात, गिलावा भुसभुशीत होतो. मुंबईत आणि कोकणात पावसाचा मार खाणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर टीव्ही न लावता आतली कोरडी भिंत निवडावी असं जाणते लोक सांगतात ते यासाठीच. बुजवलेलं भोक म्हणजे पोकळ जागा, तिथे स्क्रूसाठीचा नवा प्लग धरत नाही. प्रश्न साधे, पण ते विचारणारा माणूस भिंत ही जिवंत वस्तू असल्यासारखा तिचा इतिहास गोळा करत होता.

मग त्याने स्विचबोर्ड शोधले. पुण्या-मुंबईच्या घरांत वायरी बहुतेक भिंतीच्या आतून, पाइपातून नेलेल्या असतात. त्या स्लॅबकडून सरळ खाली बोर्डापर्यंत उतरतात, किंवा एका बोर्डापासून दुसऱ्यापर्यंत आडव्या जातात. म्हणून बोर्डाच्या थेट वर, थेट खाली आणि त्याच पातळीत आडवं भोक पाडायचं नाही, हा या धंद्यातला पहिला धडा. त्याने पेन्सिलने दोन फिकट उभ्या रेघा काढल्या. या पट्ट्यात हात लावायचा नाही, एवढंच म्हणाला. नंतर टेस्टर फिरवून खात्रीही केली, पण रेघा त्याने टेस्टरच्या आधी काढल्या होत्या, आणि टेस्टरने त्या खोट्या ठरवल्या नाहीत.

आता त्याने बोटाच्या पेरांनी भिंत वाजवायला सुरुवात केली. डावीकडून उजवीकडे, मग वरून खाली. मी जवळ जाऊन कान दिला. बहुतेक ठिकाणी भरीव, बारीक आवाज येत होता. डाव्या कडेला, खांब होता तिथे, आवाज जवळजवळ नाहीसाच झाला. काँक्रीट बोटांना दाद देत नाही. मधे एका जागी किंचित पोकळ, ढब असा आवाज आला, तिथे गिलावा विटेपासून सुटला होता. त्याने त्या जागेभोवती छोटं वर्तुळ काढलं आणि टीव्हीची जागा चार बोटं उजवीकडे घेतली. भिंतीचा हा नकाशा काढायला त्याला जेवढा वेळ लागला तेवढ्या वेळात घाईचा माणूस टीव्ही लावून निघूनही गेला असता.

आपल्याकडे भिंती किती तऱ्हेच्या आहेत याचा विचार केला म्हणजे या वाजवून बघण्याचं मोल कळतं. जुन्या पुण्यातल्या वाड्यांत लाकडी सांगाडा आणि मधे मातीची भर, तिथे स्क्रूला आधार द्यायचा तर लाकूडच शोधावं लागतं. कोकणात आणि गोव्यात जांभ्या दगडाचे चिरे. दगड खरा, पण सच्छिद्र, आणि चिऱ्यागणिक त्याचा कठीणपणा बदलतो. ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या सोसायट्यांमध्ये भाजलेली वीट. त्यानंतर आलेल्या इमारतींत हलके ठोकळे, ज्यांना बांधकामावरची माणसं सरसकट सिपोरेक्स म्हणतात. आत हवेचे असंख्य बुडबुडे असल्याने ते करवतीनेही कापता येतात. आणि आता हिंजवडी-वाकडपासून ठाण्यापर्यंतच्या उंच टॉवरांत मिवान, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेली, पूर्ण काँक्रीटची भिंत. रंग लावल्यावर या सगळ्या सारख्याच दिसतात. एका भिंतीला जो उपाय लागू पडतो तो दुसरीला घातक ठरू शकतो, आणि घरमालकाला आपली भिंत कोणत्या जातीची आहे हे बहुतेक वेळा माहीतच नसतं.

पूर्वी हा प्रश्न इतका अवघड नव्हता, कारण भिंतीवर काय टांगायचं ते भिंत उभी राहतानाच ठरायचं. खुंटी बांधकामातच बसवलेली असायची, कोनाडा भिंतीच्या पोटातच सोडलेला असायचा. गवंड्याला घरातल्या माणसांच्या सवयी ठाऊक होत्या. आताची भिंत कोरी येते आणि तिच्यावर काय येणार हे ती बांधणाऱ्याला माहीत नसतं. खुंटीचं काम आता भिंत तयार झाल्यावर, तिला न दुखवता करायचं आहे. टीव्हीचंही तसंच. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं तेव्हाचा टीव्ही स्वतःच्या चार पायांवर उभा राहणारा, काचेच्या जड नळीचा, मागे खोल पाठ असलेला होता. त्याचा भिंतीशी काही संबंध नव्हता. तेव्हा टीव्हीसाठी बोलावलेला माणूस गच्चीवर जायचा, अँटेना फिरवायचा आणि वरून ओरडून विचारायचा, दिसतंय का. पडदा पातळ झाला आणि त्या कारागिराची जागा गच्चीवरून दिवाणखान्याच्या भिंतीशी आली.

उंचीवरून थोडा वाद झाला. मावशीला टीव्ही वर हवा होता, दाराच्या चौकटीच्या रांगेत. आपल्याकडे पुष्कळ घरांत तो तसाच लावलेला दिसतो, आणि मग घरातली म्हातारी माणसं मान वर करून मालिका बघतात आणि मानदुखीचं खापर वयावर फोडतात. कारागिराने वाद घातला नाही. त्याने वर्तमानपत्राची पानं चिकटवून टीव्हीच्या मापाचा एक कागद केला, तो मावशीच्या मनासारखा वर लावला आणि म्हणाला, "काकू, आता बसा आणि पाच मिनिटं याच्याकडे बघा." पाच मिनिटं लागलीच नाहीत. कागद खाली आला. बसलेल्या माणसाच्या डोळ्यांची उंची जमिनीपासून साधारण साडेतीन ते पावणेचार फूट. पडद्याचा मध्य त्याच्या आसपास असावा असा ठोकताळा आहे. काका आरामखुर्चीत मागे रेलून बघतात, त्यांची नजर जरा वर जाते, म्हणून त्याने मध्य तीन बोटं वर घेतला. दोन माणसांच्या दोन नजरांमधून काढलेली ती उंची होती. मला या सगळ्या कामातली ही सर्वांत मायेची जागा वाटते.

त्यानंतर हिशेब. टीव्हीच्या पाठीवर ब्रॅकेटसाठी चार भोकं असतात आणि त्यांची मापं जगभर ठरलेली आहेत. २०० बाय २००, ४०० बाय ४०० मिलिमीटर अशी. व्हेसा नावाच्या संस्थेने ठरवलेली ही मापं बहुतेक सगळ्या कंपन्या पाळतात. पण ती भोकं पाठीच्या बरोबर मध्यावर असतीलच असं नाही, बऱ्याच टीव्हींत ती मध्याच्या खाली असतात. भिंतीवर ब्रॅकेटचा मध्य पडद्याच्या मध्यावर धरला तर टीव्ही ठरवल्यापेक्षा वर जातो. त्याने टीव्हीची खालची कड ते भोकं हे अंतर मोजलं, भिंतीवर पेन्सिलने तीन आकडे लिहिले, एक बेरीज आणि एक वजाबाकी केली. ते आकडे आजही टीव्हीमागे असतील.

आणि मग पिशवी उघडली.

ड्रिलच्या बिटावर त्याने टोकापासून सहा सेंटिमीटरवर काळी इन्शुलेशन टेप गुंडाळली. साडेचार इंची भिंत म्हणजे अकरा-साडेअकरा सेंटिमीटर; टेप भिंतीला टेकली की थांबायचं, म्हणजे पलीकडच्या बेडरूममध्ये खपली निघत नाही. भोकाच्या खुणेखाली कागदाची घडी घालून खिसा चिकटवला. बघणाऱ्याला वाटावं, की हा कचरा पडू नये म्हणून. तोही उद्देश होताच, पण मुख्य उद्देश वेगळा होता, तो लगेच कळला.

सुरुवात त्याने हॅमर बंद ठेवून, अगदी सावकाश केली. बिटाचं टोक गिलाव्यावर घसरू नये म्हणून. पहिला सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर कागदात करडी भुकटी पडली. हा सिमेंटचा गिलावा. हा थर काहीच वजन पेलत नाही. प्लग जर यातच राहिला तर टीव्ही काही महिने टांगलेला दिसतो आणि मग एक दिवस गिलाव्याच्या पापुद्र्यासकट खाली येतो. मग मशीनचा आवाज बदलला, जरा जड झाला, आणि करड्या भुकटीवर लाल भुकटी पडायला लागली. वीट लागली. त्याच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. त्याने हॅमर सुरू केला, आणि लाल भुकटी टेप टेकेपर्यंत अखंड येत राहिली. मधेच पुन्हा करडी आली असती तर टोक दोन विटांमधल्या सिमेंटच्या सांध्यात गेलं असा अर्थ झाला असता. सांधा विटेइतका विश्वासाचा नसतो. तिसऱ्या भोकाला नेमकं तसं झालं. लाल सुरू होऊन पुन्हा करडी झाली. तो लगेच थांबला, खूण दीड इंच वर घेतली आणि नवं भोक पाडलं. ब्रॅकेटच्या पट्टीत जास्तीची भोकं असतात ती याच सोयीसाठी. जुनं भोक त्याने पुट्टीने बुजवलं, ते टीव्हीमागे कुणाला दिसणार नव्हतं तरी.

या भुकटीच्या रंगात सगळी भिंत वाचता येते. पांढरी शुभ्र आणि चिकट आली तर जिप्समचा गिलावा. करडीच येत राहिली, बारीक आणि कोरडी, तर काँक्रीट. तिथे प्लगपेक्षा लोखंडी फास्टनर चांगला. काँक्रीटमध्ये मधेच बिट अडलं, मशीन थरथरलं आणि पुढे जाईना, तर सळई लागली असं समजायचं. भारतीय मानकाप्रमाणे खांबातल्या मुख्य सळईवर निदान ४० मिलिमीटर काँक्रीटचं आवरण असावं लागतं, म्हणजे ती भोकाच्या वाटेत येऊ शकते. शहाणा माणूस जोर लावत नाही, इंचभर बाजूला सरकतो. हलक्या ठोकळ्यांची भुकटी राखाडी-पांढरी आणि भरड असते, ती भसाभस पडते, आणि तिथे हॅमर सुरू केला तर भोकाच्या कडा ढासळतात. तिथे नुसत्या फिरत्या बिटाने भोक पाडायचं आणि लांब प्लग किंवा केमिकल अँकर वापरायचा. हे ज्ञान त्याला पुस्तकातून मिळालेलं नाही. उमेदवारीच्या वर्षांत रोज अंगावर पडलेल्या भुकटीतून ते आलं आहे.

भोक झाल्यावर त्याने आत बारीक नळीने फुंकर मारली आणि आतली भुकटी बाहेर काढली. पुष्कळ जण हे करत नाहीत. भुकटी आत राहिली तर प्लग तळापर्यंत जात नाही, आणि गेला तरी विटेऐवजी भुकटीला घट्ट धरून बसतो. नंतर प्लग हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी आत. तो सैल जाता कामा नये आणि वाकताही कामा नये. भोक आठ मिलिमीटरचं असेल तर प्लगही आठचाच.

या छोट्या प्लगमागे मोठी बुद्धी आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये विजेची उपकरणं भिंतींना लावायची होती आणि भिंतींची मोडतोड नको होती. जॉन रॉलिंग्ज या कंत्राटदाराने तागाच्या धाग्यांची नळी करून ती भोकात बसवण्याची युक्ती काढली. आपल्या हार्डवेअरच्या दुकानांत आजही गिऱ्हाईक रावल प्लग मागतं ते त्यांच्याच कृपेने. पुढे १९५८ साली जर्मनीच्या आर्तुर फिशर यांनी नायलॉनचा, दात असलेला, स्क्रू आत गेला की फाकणारा प्लग तयार केला. याच माणसाने त्याआधी कॅमेऱ्याच्या शटरबरोबर उडणारा फ्लॅश शोधला होता. त्यांच्या नावावर हजाराहून अधिक पेटंट जमली, पण जगभरच्या असंख्य घरांत त्यांचं जे काम पोचलं आहे ते हे. स्क्रू फिरतो, प्लग फुगतो, भोकाच्या भिंतींवर सगळीकडून दाब येतो आणि घर्षणाने तो तिथे रुतून बसतो. भिंतीला चिकटवलेलं काही नाही, ठोकलेलं काही नाही. इतका सुंदर विचार इतक्या स्वस्त वस्तूत क्वचितच सापडतो.

मावशीने आधी फिरवता येणारा, भिंतीपासून बाहेर ओढता येणारा ब्रॅकेट आणून ठेवला होता. स्वयंपाकघरातून दिसावं म्हणून. कारागिराने तो हातात घेतला, भिंतीकडे बघितलं आणि नको म्हणाला. कारण विचारलं तेव्हा त्याला ते शब्दांत सांगता आलं नाही, पण त्याचं म्हणणं गणिताने तपासता येतं. पंधरा किलोचा टीव्ही भिंतीलगत असेल आणि त्याचं वजन भिंतीपासून पाच सेंटिमीटरवर आहे असं धरलं, वरच्या आणि खालच्या स्क्रूंमध्ये वीस सेंटिमीटर अंतर धरलं, तर वरच्या स्क्रूंना भिंतीतून बाहेर खेचणारी ओढ पावणेचार किलोची असते. तोच टीव्ही हातावर पन्नास सेंटिमीटर बाहेर ओढला की ती ओढ साडेसदतीस किलो होते. वजन तेच, ओढ दहापट. भरलेली बादली अंगाशी धरून बघा आणि मग हात लांब करून धरून बघा, तसं. काँक्रीटच्या भिंतीत हा भार सहज जिरतो. चाळीस वर्षांच्या साडेचार इंची विटेच्या भिंतीत, रोज आत-बाहेर ढकलत राहिलं तर, कधी ना कधी प्लग सैल होतो. ब्रॅकेट परत गेला, साधा स्थिर ब्रॅकेट आला. विकणाऱ्याने जे सांगितलं नव्हतं ते बसवणाऱ्याने सांगितलं.

पातळी लावण्याची जागाही बघण्यासारखी होती. त्याने एकच स्क्रू बसवून पट्टी सैल ठेवली, वर लेव्हल ठेवली, बुडबुडा मध्यावर आणला आणि मगच दुसऱ्या बाजूची खूण केली. पट्टी चोख आडवी बसली. पण दूर जाऊन बघितल्यावर त्याला खटकलं, आणि खरं तर मलाही. खाली ठेवलेलं टीव्हीचं युनिट किंचित तिरकं होतं, कारण जुन्या फरशीला बाल्कनीकडे उतार आहे. पडदा खरा आडवा, पण युनिटशेजारी तो वाकडा दिसणार. इथे दोन वाटा असतात. बुडबुड्याशी इमान राखायचं की डोळ्याशी? त्याने तिसरी काढली. युनिटच्या एका पायाखाली प्लायची चकती सारली, लेव्हल युनिटवर ठेवली आणि युनिटच सरळ केलं. ओळंब्याशी आणि पाणसळीशी ज्याची ओळख आहे त्यालाच हे सुचतं.

पॉइंटचं काम त्यामानाने लवकर उरकलं. आपल्या तीन पिनांच्या प्लगची पाठ भिंतीपासून बरीच बाहेर येते. स्थिर ब्रॅकेट आणि पाठीमागेच सॉकेट, असं झालं तर टीव्ही बसतच नाही. म्हणून त्याने सॉकेट टीव्हीच्या खालच्या कडेबाहेर, युनिटच्या आडोशाला घेतलं. तिथवर वायर स्कर्टिंगच्या कडेने केसिंग पट्टीतून नेली. सेट-टॉप बॉक्सकडे उतरणाऱ्या तारांसाठी वर जाणारी दुसरी पट्टी मात्र टीव्ही आणि युनिटमध्ये वीतभर दिसते. मला ती आवडली नाही, अजूनही आवडत नाही. मी झिरी मारून आतून नेता आली नसती का असं विचारलं. त्याचं उत्तर बरोबर होतं, की साडेचार इंची भिंतीत लांब आडवी झिरी मारली तर ती तिथे कमजोर होते. आडवी पट्टी मला पटली. पण उभी वीतभर झिरी चालली असती, आणि पट्टी भिंतीच्या रंगात रंगवायला तर काहीच हरकत नव्हती. एवढ्या नजरेच्या माणसाने ती पांढरी तशीच सोडावी ही या कामातली उणीव आहे.

टीव्ही चढवताना त्याने काकांना बाजूला बसवलं आणि मला हाक मारली. पडद्याला अंगठा लावायचा नाही, कडेला खालून धरायचं, उचलताना दोघांनी एकाच वेळी उचलायचं. पाठीवरच्या पट्ट्या त्याने आधीच लावल्या होत्या, त्याही हाताने, ड्रिलने नव्हे. जास्त लांब स्क्रू किंवा मशीनचा जोर आतल्या पॅनेलला इजा करतो. पट्ट्यांच्या आकड्या ब्रॅकेटवर बसल्या, खालचे दोन स्क्रू आवळले. मग त्याने एक गोष्ट केली जी मी दुसऱ्या कुणाला करताना पाहिलेली नाही. टीव्हीच्या दोन्ही खालच्या कोपऱ्यांना हात लावून त्याने हळूहळू भार वाढवत तो खाली खेचला आणि त्याच वेळी कान भिंतीला लावला. प्लग हलत असेल तर बारीक करकर ऐकू येते. काही ऐकू आलं नाही.

"झालं, काकू."

मावशीने चहा केला होता. त्याने भिंतीवरचे बोटांचे डाग ओल्या फडक्याने पुसले, कागदाचे चारही खिसे नीट दुमडून पिशवीत टाकले आणि मगच बसला.

या कामाच्या तुलनेत मी इतरत्र बघितलेली कामं आठवली की वाईट वाटतं. बेल वाजते, ड्रिल आधी बाहेर येतं, प्रश्न एकच असतो: कुठे लावायचा? भिंत वाजवली जात नाही, भुकटीकडे कुणी बघत नाही, गिलाव्यातच छोटा प्लग बसतो, आणि वीस मिनिटांत सही घेऊन माणूस पुढच्या घरी जातो. दोष एकट्या त्याचा नाही. दिवसाला घरांची संख्या ठरवून दिलेल्या माणसाला भिंतीपाशी थांबायची मुभाच नसते, आणि आपणही कामाचं मोल चार भोकांवर करतो. माझ्या मते या कामाचा खरा गाभा पहिल्या भोकाच्या आधीच्या अर्ध्या तासात आहे. तो अर्धा तास ज्याने दिला त्याचं काम पाहण्यालायक, आणि त्याच अर्ध्या तासाचे पैसे द्यायला आपण कचरतो.

तेव्हा घरी टीव्ही बसवायला माणूस बोलवाल तर त्याला घाई करू नका. तुमची भिंत कशाची आहे हे माहीत असेल तर सांगा, नसेल तर त्याला वाजवून बघू द्या. त्याने ब्रॅकेट बदलायला सांगितला तर कारण विचारा आणि पटलं तर ऐका. मजुरीत घासाघीस करू नका. आणि टीव्ही वर चढण्याआधी, त्याची परवानगी घेऊन, मागच्या भिंतीचा एक फोटो काढून ठेवा. वायर कुठून गेली आहे आणि प्लग कुठे आहेत हे पुढच्या कारागिराला त्यावरून कळेल.